न पाहिलेले पत्ते

माझा नवरा वीरेंद्र पत्ते खेळतो तसाच जगतो. हातात काही चांगलं येईपर्यंत गप्प बसायचं. सौंसरजवळच्या आमच्या विहिरीवर आठ हिस्सेदार होते, तोवर हे खपून गेलं.

संत्र्याच्या बागेला थंडीत आधी ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. पानं मलूल झाली की भरपूर पाणी सोडायचं, मग झाडं फुलतात. ते पहिलं पाणी कुणी घ्यायचं यावरून जुन्या काळी डोकी फुटली. तेव्हापासून आमच्यात ते तीन पत्तीवर ठरतं. पैशांवर नाही, बोरांवर. सगळ्यांना सारखी बोरं, दर डावाला प्रत्येकाने एक मधे टाकायचं. थ्री-फेज लाईट येऊन मोटरच्या स्टार्टरवरचा लाल दिवा लागला की खेळ बंद. ज्याच्यापुढे बोरं जास्त, त्याचं पाणी.

आठ जणांत वीरेंद्र नुसता ‘पॅक, पॅक’ करत पत्ते टाकायचा. बाकीचे एकमेकांना खायचे आणि हा आरामात दुसरा नाहीतर तिसरा यायचा. तेव्हा विहीर सगळ्यांना पुरायची, म्हणून याला वाटायचं आपण फार हुशार.

यंदा पाच जणांनी स्वतःचे बोअर मारले. उरले आम्ही, चुलत दीर हेमराज आणि पुंडलिकराव. पाणी मात्र एकाच बागेपुरतं. विहीर पुन्हा भरेपर्यंत दुसरा थांबला तर त्याचा बहर हुकला, वर्षाचं फळ गेलं. पुंडलिकरावांनी संत्र्याची झाडं कधीच काढून टाकली होती, ते गमतीला बसले होते. ते लवकरच रिकामे होऊन पत्ते वाटायला लागले.

आता समोरासमोर दोघंच. तरी आमच्या ह्यांचं पॅक, पॅक सुरूच. दर डावाला एक बोर जात होतं आणि ते मी मागे उभी राहून मोजत होते.

"अहो, कशाची वाट पाहून राहिले तुम्ही?"

"पत्ते येतीन ना चांगले."

"बोरं संपल्यावर? उठा तिथून!"

खेळणारा एकदा बदलता येतो, तसा नियमच आहे. मी बसले तसा हेमराज हसला. "या वहिनी. तुमचं तोंड म्हणजे रेडिओ. सगळ्या बातम्या आपोआप भेटतीन मले."

खोटं कशाला बोलू, आमचा भाजीवालासुद्धा माझं तोंड पाहून भाव सांगतो. पहिल्याच डावात मला दोन एक्के आले. हेमराजने माझ्याकडे पाहिलं आणि पॅक केलं. दुसऱ्यात भिकार पत्ते आले, तर त्याने मूठभर बोरं पुढे सारली आणि मला पॅक व्हावं लागलं. तो स्वतःच्या पत्त्यांपेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त पाहत होता. मला त्याचा असा राग आला!

तिसऱ्या डावात मी पत्ते उचललेच नाहीत.

"ब्लाइंड," मी म्हटलं.

आमच्यात ब्लाइंडवाला जेवढी टाकेल, त्याच्या दुप्पट पाहून खेळणाऱ्याने टाकायची. हेमराजचं हसू गेलं. तो माझं तोंड वाचायला बघायचा, पण जे मलाच ठाऊक नाही ते तिथे कुठून दिसणार? तो एकामागून एक डाव सोडू लागला. माझा ढीग वाढत त्याच्या निम्मा झाला: माझी आठ बोरं, त्याची सोळा.

स्टार्टरचा दिवा अजून विझलेलाच होता. पुंडलिकरावांनी पुन्हा पत्ते वाटले. हेमराजने आपले पाहिले आणि चार बोरं टाकली. मी माझी सगळीच्या सगळी पुढे ढकलली.

"पाहून त घे वं," वीरेंद्र कळवळला.

"हात काढा खांद्यावरचा."

हेमराजला आता सगळा ढीग टाकावा लागणार होता. त्याने कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलं, मग दिव्याकडे.

"लाईटीले टाइम आहे अजून," तो म्हणाला. "येतीन चांगले पत्ते. पॅक."

मी मधली बोरं दोन्ही हातांनी ओढली. पुंडलिकरावांनी हेमराजचे पत्ते उलटले, त्यात दोन बादशहा होते. सगळे त्या पत्त्यांकडेच बघत होते, तेवढ्यात मी माझे हळूच पाहिले. दुर्री, पंजी, नव्वी, सगळे भिकार. मी ते पटकन गड्डीत सारले. पुढचा डाव वाटणार, तोच लाल दिवा लागला. पुंडलिकरावांनी दोन्ही ढीग मोजले. माझा मोठा भरला.

हरलेल्याने जिंकणाऱ्याच्या बागेत पहिलं पाणी वळवायचं, म्हणजे मनात काही राहत नाही, अशी आमची रीत आहे. हेमराज फावडं घेऊन आला. बांधापलीकडे त्याची झाडं पानं पाडून उभी होती. इतका वेळ मला फक्त आमची दिसत होती. आता त्याचीही दिसली.

"वहिनी, काय होतं तुमच्यापाशी?" त्याने विचारलं.

हातचे दोन बादशहा टाकलेल्या माणसाला काय सांगायचं?

"तीन राण्या," मी म्हटलं.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझे कान तापले. पाटातून पाणी येऊन त्याच्या फावड्यापाशी थांबलं होतं.

"पत्ते न पाहता खेळल्या, तेच बरं केलं तुम्ही," तो म्हणाला आणि त्याने पाणी आमच्या बागेत वळवलं.