कमळची उंची

वनमालाबाईंनी उजवीकडचा बाण दाबला आणि पडद्यावरची कोळीण चालू लागली. डोक्यावर पाटी, हिरवं काष्ट्याचं लुगडं, मागे वर्सोव्याचा धक्का. चार पावलांवर पहिला कावळा झेपावला. बाईंनी बोट उचललं. कोळीण थांबली आणि कावळा पाटीसमोरून रिकामा निघून गेला.

"काय आजी! अजून हात बसलेला आहे तुमचा," सुयोग खूश होऊन म्हणाला. "मी पहिल्या कावळ्यालाच चार वेळा मेलो होतो."

"कावळ्याने कोण मरतं रे? पापलेट जातं फक्त," बाई म्हणाल्या. बोटांना सगळं आठवत होतं. डोळ्यांना मात्र काहीतरी खटकत होतं, आणि काय ते कळत नव्हतं.

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका जुन्या इमारतीत सुयोग आणि नेत्रा या दोघांनी गेम बनवायची छोटी कंपनी काढली होती. 'कमळची पाटी' हा जुना गेम कुणी केला याचा शोध घेत ते घाटकोपरला वनमालाबाईंच्या दारापर्यंत पोचले होते. तीस वर्षांपूर्वी बाईंच्या यजमानांनी, तुळशीदासांनी, तो घरच्या संगणकावर लिहिला होता आणि चित्रं बाईंनी काढली होती. तुळशीदास आता नव्हते. त्यामुळे गेम पुन्हा बाजारात आणायचा तर परवानगी बाईंचीच हवी होती, आणि तो कसा आणायचा यावरून त्या दोघांचंच पटत नव्हतं. सुयोगला जुना गेम जसाच्या तसा, फक्त आजच्या मोठ्या पडद्यांसाठी लख्ख करून हवा होता. नेत्राला तो पहिल्यापासून नव्याने घडवायचा होता.

बाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं, "नवी रंगरंगोटी नको. आहे तसा मोठा करा. माझ्या कमळला कुणी हात लावायचा नाही."

कारण कमळ खरी होती. बाई तेव्हा यारी रोडला राहायच्या आणि कमळ त्यांच्या इमारतीत मासे घेऊन यायची. तिला जाऊन आता काही वर्षं झाली होती. तिच्या घरी भिंतीवर फोटो होता तो आधार कार्डावरून मोठा केलेला, नुसता चेहरा. ती चालायची कशी, हे या गेमखेरीज कुठेच उरलं नव्हतं. ते चालणं पुन्हा एकदा पाहायला मिळेल म्हणून बाई आज इथवर आल्या होत्या.

"आणि हा सूर्य," सुयोगने पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "नेटवर लोक वेडे आहेत याच्यामागे. इडलीसारखा चपटा! त्या काळात असा सूर्य काढायचं धाडस कुणी केलं असतं? माझ्या टी-शर्टवर आहे तो."

बाईंनी सूर्याकडे पाहिलं. मग कोळणीकडे पाहिलं. बुटकी, रुंद, चौकोनी खांद्यांची एक बाई पाटी घेऊन धक्क्यावर उभी होती.

त्यांच्या लक्षात आलं.

दोसुतीच्या कापडावर चौकोन मोजून टाके घालायची त्यांची लहानपणापासूनची सवय. म्हणून तर तुळशीदासांनी आलेखाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला होता. एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका. पहिल्यांदा त्यांनी गोल गरगरीत सूर्य काढला तो पडद्यावर अंड्यासारखा उभट आला. तुळशीदास हसून म्हणाले होते, "अगं, या पडद्यावरचा ठिपका चौकोनी नसतो, उभा लांबट असतो. तू काढशील त्याहून सगळं उंच दिसणार." मग बाई युक्ती शिकल्या. कागदावर सूर्य चपटा काढायचा, पडद्यावर तो गोल व्हायचा. कागदावर कमळ ठेंगणी काढायची, पडद्यावर ती होती तशी, माडासारखी उंच उभी राहायची. एका सकाळी तुळशीदासांनी कमळला आत बोलावून दाखवली, तेव्हा पदराने तोंड झाकून ती किती वेळ हसत होती. "बाय गो, ही तं मीच हाय!"

आताच्या पडद्यांवरचे ठिपके चौकोनी. सुयोगने जुन्या फाइलमधून एकेक ठिपका इमानाने उचलून आणला होता आणि त्यातून उभी राहिली होती ती आलेखाच्या कागदावरची कमळ. पडद्यावरची कमळ कुठेच नव्हती.

"एक ठिपका बदललेला नाही, आजी," सुयोग म्हणाला. "शपथ."

"दिसतंय रे," बाई म्हणाल्या.

एक वाक्य बोलायचं होतं. बोलल्या असत्या तर या हुशार मुलाने तासाभरात सगळं ताणून सरळ केलं असतं. त्या शब्द जुळवत होत्या, तेवढ्यात नेत्राने आपली खुर्ची त्यांच्याजवळ सरकवली.

"ह्याचं म्युझियम झालं असेल बघून, तर आता माझं बघा ना आजी. आवडलं नाही तर स्पष्ट नाही म्हणा, मी रडणार नाही."

"रडेल," सुयोग म्हणाला. "गेल्या वेळेला रडली होती."

"तू गप रे."

नेत्राच्या पडद्यावर समुद्र हलत होता. बाई पुढे वाकल्या. ओहोटीची वेळ होती, चिखलात तिरक्या झालेल्या होड्या होत्या, बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टांगलेले होते. हे बोंबील बाईंनी त्या वेळी दोन-दोन ठिपक्यांत बसवले होते. इथे ते वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते. कावळा झेप घ्यायच्या आधी मान वाकडी करून पाहत होता. ती वाकडी मान बाईंचीच होती, एका चौकोनाची करामत, आणि ती या मुलीने ओळखून जपली होती. सूर्यसुद्धा चपटाच होता, पण पाण्याला टेकता टेकता खरोखर होतो तसा. बाईंना वाटलं, आपल्याला त्या वेळी जे काढायचं होतं आणि जागा पुरली नव्हती, ते सगळं हिने न विचारता काढलंय.

आणि त्या सगळ्यातून कमळ आली. भक्कम, आखूड, रुंद बांध्याची. दंड भरलेले, पावलं जमिनीत रोवलेली. सुरेख होती. पण कमळ नव्हती.

"हिला एवढी बुटकी का गं केलीस?" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मी कुठे केली? तुम्हीच केलीय!" नेत्रा हसली. "आणि त्यासाठीच तर मला हा गेम करायचाय."

"झालं. आता गॅदरिंगची गोष्ट येणार," सुयोग म्हणाला आणि चहा सांगायला उठून गेला.

नेत्राने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "आमच्या बोरिवलीच्या शाळेत गॅदरिंगला दरवर्षी कोळी डान्स. उंच, बारीक मुली पुढच्या रांगेत. मी अशी, आहे तशीच, तेव्हाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तू नाचू नको, तू मागे बस पाटी घेऊन, सीनमध्ये शोभशील. तीन वर्षं बसले मी मागे पाटी घेऊन." तिने हात हलवून ते उडवून लावलं. "मग मामाच्या कॉम्प्युटरवर हा गेम सापडला. कुणीतरी नेटवर टाकलेला. आणि ह्यात कोळीण माझ्यासारखी! मागे बसलेली नाही, सगळा गेमच तिचा. मी आईला ओढत आणलं होतं. म्हटलं, बघ, खरी कोळीण अशी असते."

बाईंनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, थोडं पाणी प्यायल्या आणि ग्लास पुन्हा होता तिथेच बरोबर ठेवला.

"तुम्ही खऱ्या बाईवरूनच काढली होती ना?" नेत्राने विचारलं. "सुयोग म्हणाला, कमळ म्हणून खरंच कुणी होत्या."

"होती," बाई म्हणाल्या. "होती ना."

"मग? जमलीय का?"

पडद्यावरची कमळ वाट पाहत उभी होती. श्वासाबरोबर तिचे खांदे किंचित वरखाली होत होते. बाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.

"वलांडीखालून कशी जाते, दाखव," त्या म्हणाल्या.

नेत्राने खालचा बाण दाबला. कोळणीने मान आणि पाठ वाकवली आणि ओणवी होऊन बोंबलांखालून पलीकडे गेली.

"चुकलं. पाटी पडली असती हिची."

"म्हणजे?"

"कमळ कधी मान वाकवायची नाही. आमच्या दाराची चौकट बुटकी होती. ती डोक्यावरची पाटी न उतरवता आत यायची. पाठ सरळ, मान सरळ, नजर समोर, आणि नुसते गुडघे मोडायचे. पाटीतलं पाणीसुद्धा हलायचं नाही. मी दारात उभी राहून बघत बसायची नुसती. माझ्या चित्रात पायाला चौकोनच चार, त्यात गुडघा कुठून दिसणार?"

नेत्रा उठली. कोपऱ्यातला पुठ्ठ्याचा खोका तिने डोक्यावर ठेवला आणि गुडघे वाकवले. खोका घसरून मागे पडला.

"वाट लागली पापलेटांची," चहाचे कप घेऊन आलेला सुयोग म्हणाला.

"पुन्हा," बाई म्हणाल्या. "हात लावू नको त्याला. पोट आत घे. घाई नाही, गिऱ्हाईक कुठे पळत नाही."

चौथ्यांदा खोका जागेवर राहिला. नेत्रा टेबलांच्या मधून चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि वळून परत आली. सुयोग कप हातात धरून तसाच उभा राहिला होता.

"आजी," तो थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "म्हणजे हिचंच करायचं? पण तुम्हीच म्हणाला होतात, हात लावायचा नाही."

"म्हणाले होते."

"मग जुन्याचं काय?"

"तुझ्याकडे आहे की तो जपलेला. त्याला कोण हाकलतंय? पण ही चालायला लागलीय रे. तिला आता थांबवू नको."

सुयोगने कप टेबलावर ठेवले. खुर्चीत बसून त्याने वही पुढे ओढली. "ठीक. मग आताच विचारून घेतो. गुडघे लिहिलं. कावळा ठीक. कमळबाईंचा बांधा, उंची, काही बदलायचंय?"

बाईंची नजर नेत्रावर होती. खोका डोक्यावर घेऊन ती आतल्या खोलीच्या काचेच्या दाराकडे निघाली होती. दार चांगलं उंच होतं; खोक्यावर आणखी एक खोका ठेवला असता तरी ती सहज निघून गेली असती. पण उंबऱ्यापाशी ती थांबली. मान सरळ, नजर समोर. तिने सावकाश गुडघे मोडले, तशीच आत गेली आणि पलीकडे पुन्हा उभी राहिली.

"नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "होती ती अशीच."