ओब्रेनचा ठोका

जानेवारीत ओब्रेन गेला त्या दुपारी त्याच्या बायकोने, स्टानाने, घरातले आरसे झाकले, रेडिओवर काळा रुमाल टाकला आणि भिंतीवरच्या दोन्ही तांबुरित्सा, म्हणजे सर्बियन तंतुवाद्यं, तारांची बाजू भिंतीकडे करून टांगल्या. आता वर्षभर या घरातून सूर निघायचा नव्हता. दक्षिण शिकागोच्या त्या गल्लीत सर्बियन घरांतून असंच पाळत आले होते. त्यांच्या मुलीने, यागोदाने, आजोबांच्या वेळी पाळलं, आजीच्या वेळी पाळलं, आणि तिला ते कधी जड गेलं नव्हतं.

स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत बाबांचं काम चालायचं. कारखान्यातली पाळी संपवून आले की हात धुवायचे, सूप प्यायचे आणि तिकडे जायचे. यागोदा नवऱ्याचं घर सोडून परत आली तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसत होती. मेपलचं पोट कोरणं, मान जोडणं, खुंट्या बसवणं, रोगणाचे हात देणं, सगळं ती करायची. एकच काम तिच्याकडे कधी आलं नाही. वाद्याच्या तोंडावर स्प्रूसच्या लाकडाची जी पातळ फळी बसते, तबली म्हणतात ती, तिला बाबा कुणाला हात लावू देत नसत. डाव्या हाताच्या दोन बोटांत ती अधांतरी धरायचे, उजव्या हाताच्या पेराने ठोका द्यायचे, ऐकायचे. मग पोलादी पात्याने थोडं तासायचे आणि पुन्हा ठोका. असं तासभर चाले, कधी दोन तास. मग एकदम पातं खाली ठेवून म्हणायचे, "झाली."

किती पातळ झाली म्हणजे झाली, याचं माप नव्हतं. प्रत्येक फळी वेगळी असायची. विद्यापीठातला एक माणूस टेपरेकॉर्डर घेऊन आला तेव्हा बाबांनी त्याला कॉफी पाजली, रोगण कसं उकळतात ते दोन तास समजावलं आणि खुशीत वाटेला लावलं.

"बाबा, त्याला ठोका का नाही ऐकवला तुम्ही?"

"तू ऐकतेस ना?" ते म्हणाले होते.

ती ऐकत होती. आता तो ठोका तिच्या कानात होता आणि जगात दुसरीकडे कुठे नव्हता. तयार वाद्यं चर्चच्या हॉलमध्ये होती, पण तबली एकदा पोटावर चिकटली की तिचा मोकळा आवाज संपतो. तयार वाद्यावरून तो उलटा काढता येत नाही.

पहिला महिना तो आपणहून यायचा, भांडी विसळताना, बसची वाट बघताना. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला, हातावर मृताच्या नावाने वाटलेल्या गोड गव्हाचा घास घेऊन उभी असताना, आपण त्याला शोधतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. ईस्टरपर्यंत कानात दोन आवाज झाले होते. एक किंचित चढा, एक किंचित उतरता. यातला बाबांचा कुठला हे तिला सांगता येईना.

हे कळलं त्या दिवशी ती आईपुढे जाऊन उभी राहिली. स्टाना कोबीच्या पानांत सारण भरून गुंडाळ्या करत होती.

"आई, मला आतलं काम सुरू करायचंय."

"कर की. खुंट्या घास, रोगण लाव. कोण अडवतंय?"

"तबली करायचीय."

स्टानाने एक गुंडाळी पातेल्यात बसवली. "त्याला ठोकावं लागतं."

"ठोकणं म्हणजे गाणं नव्हे."

"त्याचं तेच गाणं होतं. त्याच्या वर्षात त्याचंच गाणं वाजवशील? शेजारी काय म्हणतील ते सोड. मी काय म्हणू?"

"विसरत चाललेय मी, आई."

"सगळेच विसरतात. वर्ष त्यासाठीच असतं."

यागोदा पाद्रीबाबांकडे जाऊन आली. ते म्हणाले, चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना आहेत, लाकूड तासू नये असं कुठेच लिहिलेलं नाही. हे तिने घरी येऊन सांगितलं.

"त्यांना म्हणावं," स्टाना म्हणाली, "तुमचा नवरा गेला की मग बोला."

मिलुतिनकाका दर रविवारी चर्चमधून परस्पर यायचे. ते बाबांचे लग्नातले साक्षीदार, म्हणजे सख्ख्या भावापेक्षा जवळचे. चर्चच्या वाद्यवृंदात ते ब्राच वाजवत, मध्यम आकाराची तांबुरित्सा, आणि त्यांच्या ब्राचला हिवाळ्यात उभी चीर गेली होती. जूनच्या मेळ्याला नवी देतो, असा बाबांचा शब्द होता. पोट तयार होतं, मान तयार होती. तोंड मात्र उघडं होतं.

"कारखाना चालू होता तेव्हा तेरा जण होतो आम्ही," काका म्हणाले. "आता सात. त्यातले दोघे टेक्सासला निघालेत, तिकडे म्हणे काम आहे. हवामान चांगलं आहे म्हणतात. मी म्हटलं, गाढवांनो, सूर्य खाणार आहात का?"

"काका, जानेवारीपर्यंत थांबाल?"

"मी थांबेन गं. मला कुठे जायचंय? तुझा कान थांबेल का ते सांग."

स्टाना कॉफीचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि परत गेली.

वसंतातल्या मृतांच्या स्मरणाच्या शनिवारी स्टाना गहू, मेणबत्ती आणि रकिया दारूची छोटी बाटली घेऊन शेजारणीबरोबर कबरस्तानात गेली. दुपार उलटल्याशिवाय येणार नव्हती. यागोदा गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत खिडकीशी थांबली, मग आत गेली.

माळ्यावर वीस वर्षं वाळवलेल्या स्प्रूसमधून बाबांनी शेवटच्या दोन फळ्या आकाराला कापून ठेवल्या होत्या. कडेला त्यांच्या पेन्सिलीची खूण होती. तिने वरची उचलली, दोन बोटांत धरली आणि ठोका दिला. जाड, बंद आवाज आला. तो ओळखीचा होता. कामाच्या सुरुवातीचा. तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती स्टुलावर नुसती बसून राहिली.

मग तासू लागली. भुस्सा मांडीवर पडत होता. प्रत्येक ठोक्याला आवाज जरासा उघडत होता, आणि ती मनात म्हणत होती, अजून नाही, अजून नाही. एकदा तिला वाटलं, हाच. हात थांबला. पण लगेच दुसरा आवाज आठवला, तो चढा होता की हा? तिने आणखी दोन हात फिरवले. ठोका दिला. आणखी दोन. कपाळावरचा घाम तिने बाहीने पुसला. आता येईल, आता येईल, असं म्हणत ती तासत राहिली आणि एका ठोक्याला फळी नुसती फडफडली, ओला पुठ्ठा वाजावा तशी.

ती पुन्हा पुन्हा ठोकत राहिली. काही उपयोग नव्हता. लाकूड गेलं ते गेलं.

पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली तर स्टाना टेबलाशी बसलेली. अंगात कोट, डोक्यावर काळा रुमाल, पिशवी मांडीवर तशीच.

"कधी आलीस?"

"शेजारणीच्या पायाला गोळे आले. मघाशीच आलो." तिची नजर टेबलावर होती. "फार तासलीस."

यागोदाने मांडीवरचा भुस्सा झटकला.

"तू मध्ये थांबलीस ना एकदा? तिथे झाली होती. त्यानंतर तो नसता गेला पुढे."

"तुला काय माहीत?"

"एकेचाळीस वर्षं मी त्या बंद दाराच्या या बाजूला कांदा चिरतेय," स्टाना म्हणाली. "तो 'झाली' म्हणायच्या आधी मी सूप गरम करायला ठेवायची. यायचा तेव्हा वाफ निघत असायची. त्याला वाटायचं, योगायोग."

यागोदाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "मग हाक का नाही मारलीस? इथेच बसली होतीस. ऐकत होतीस."

"ओठांवर आलं होतं." स्टानाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "तुझं काय, तू तरुण आहेस, तू वर्षाचा नेम मोडशील तर देव बघून घेईल. मी बोलले असते तर तो मी मोडला असता. आत्ता त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावून आले. वास पण गेला नाही हाताचा. म्हटलं, थांबेल ती. आपणहून थांबेल. नाही थांबलीस."

"नाही कळलं मला, आई. मला आता कळतच नाही."

बाहेर कुणाची तरी गाडी चालू होता होता बंद पडत होती.

"किती राहिल्यात?" स्टानाने विचारलं.

"एक."

स्टानाने पिशवी खाली ठेवली. कोट काढला नाही. खुर्ची ओढून भिंतीला पाठ लावून बसली, हात मांडीवर. "जा. थांबायचं झालं की सांगते."

"तू आत ये ना. शेजारी बस."

"नको. आणि दार लाव. उघड्या दारातून मला नाही कळायचं."

यागोदाने आत जाऊन दार लावलं. शेवटची फळी दोन बोटांत धरली. मग ठोका दिला आणि भिंतीकडे कान केला. पलीकडून काही आलं नाही. तिने पातं उचललं.