अठ्ठेचाळिसावा डबल

बेसबॉलच्या मैदानावर डेल प्रुइट पोटावर घसरत दुसऱ्या बेसला जाऊन धडकला. पंचाने हात आडवे पसरून ‘सेफ’, म्हणजे नाबाद, दिलं. प्रुइटने मान वर केली. बेसवर उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या माणसाला आज तोंड होतं.

जुलैमध्ये, चाळिसाव्या डबलला, इथे नुसते बूट दिसले होते. चेंडू टोलवून एका दमात दुसऱ्या बेसपर्यंत पोचलं की एक डबल. त्रेचाळिसाव्याला पँट आली, पंचेचाळिसाव्याला लोकरी शर्ट. प्रुइटने डोळे तपासून घेतले. नजर उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याला फार वाईट वाटलं.

हा सत्तेचाळिसावा. या लीगमध्ये एका हंगामात इतके डबल एकानेच मारले होते, १९३८ साली.

“ऑर्विल स्टँझिक,” तो माणूस म्हणाला. “हात मिळवता येणार नाही. प्रयत्न करून झालाय.”

“तुम्ही वारलात ना?”

“त्याच हिवाळ्यात. विक्रम मोडेपर्यंत इथेच मुक्काम. आणखी एक मार, बाळा. अठ्ठेचाळीस झाले की जागा तुझी.”

“जागा म्हणजे?”

ऑर्विलने बूट उचलून पाहिला. तो बेसवरून सुटला नाही.

“ही.”

शेजारी उभा असलेला प्रतिस्पर्धी संघाचा पोरगा हसला. “कोणाशी बोलतोयस रे, म्हाताऱ्या?”

“स्वतःशी.”

“सवय कर. उद्यापासून दुसरं कोण ऐकणारे?”

म्हातारा म्हणजे चौतीस वर्षांचा. हंगामातला हा शेवटचा सामना होता आणि क्लब उद्या प्रुइटला सोडणार, हे हॉट डॉग विकणाऱ्यालाही ठाऊक होतं. बारा वर्षं बसमध्ये झोपून त्याच्या नावावर काहीच जमा झालं नव्हतं. सोमवारपासून सासऱ्याचं टायरचं दुकान. अठ्ठेचाळीस झाले, तर निदान एका यादीत सगळ्यात वर ‘प्रुइट’ राहणार होतं.

शेवटच्या डावात तो बॅट घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याची बायको लोरेटा कठड्यावरून ओरडली, “डेल, मार आणि चल! आई जेवायची थांबलीय!”

त्याने मारला. चेंडू उजव्या कुंपणापर्यंत गडगडत गेला. पहिला बेस ओलांडताना प्रुइटला समोर ऑर्विल दिसला. पाहुण्याला खुर्ची द्यावी तसा तो अंग चोरून एका कडेला सरकला होता. शर्टही नीट खोचून घेतला होता त्याने.

प्रुइटने दुसऱ्या बेसच्या कोपऱ्यावर पाय टेकवला आणि तो थांबलाच नाही.

“अरे! अरे, कुठे?” मागून ऑर्विल ओरडला.

कुंपणापासून फेकलेला चेंडू तिसऱ्या बेसवर त्याच्या आधी पोचला होता, पण जमिनीवर आपटून भलतीकडेच उसळला. प्रुइट सुखरूप होता.

“थांबायचं ना, गाढवा!” कोच किंचाळला. “विक्रम होता तो! आता डबल नाही, ट्रिपल लिहितील!”

“लिहू देत,” प्रुइट म्हणाला आणि हसला. कोचला ते हसू आवडलं नाही.

पुढचा गडी पहिल्याच चेंडूवर बाद झाला. हंगाम संपला. प्रुइटने लोरेटाला हात केला.

वरच्या काचेच्या खोलीत अधिकृत नोंदी ठेवणारे वेंडेल अ‍ॅकली बसले होते. फार भला माणूस. प्रुइटची बारा वर्षं त्यांनीच लिहिली होती. त्यांनी चष्मा पुसला, त्या फेकीचा पुन्हा विचार केला आणि माइक ओढला.

“नोंद अशी आहे. प्रुइट, डबल. तिसऱ्या बेसवर पोचला तो फेकीच्या चुकीमुळे. अठ्ठेचाळीस. अभिनंदन, पोरा.”

अकराशे माणसं उठून उभी राहिली. लोरेटा रडत टाळ्या वाजवत होती.

ऑर्विल बेस सोडून सावकाश चालत आला. प्रुइटपाशी क्षणभर थांबला.

“इथे एप्रिलमध्येही पाय गारठतात,” तो म्हणाला. “मोज्यांचे दोन जोड घालायला हवे होते तू.”

मग तो फाटकाकडे निघून गेला.

“डेल! इकडे रे, इकडे!” लोरेटाने हाक मारली.

प्रुइटने टोपी उंचावली आणि तो दुसऱ्या बेसकडे चालू लागला. लोकांना वाटलं, फोटोसाठी चाललाय.