धाकटीचा अंगठा

ताई धाकटीपेक्षा पंधरा मिनिटांनी मोठी, पण रुबाब पंधरा वर्षांचा. दोघी जुळ्या, दोघींचं मिळून एक शिवणकामाचं दुकान. मतदान मात्र पस्तीस वर्षं एकटी ताईच करायची. कागदावर शिक्का मारायचे ते दिवस. सकाळी ती स्वतःचं मत देऊन यायची. दुपारी धाकटीचा चष्मा लावून, शाईच्या बोटाला चिंधी गुंडाळून पुन्हा जायची. "सुई लागली हो," म्हटलं की कोण विचारतंय? धाकटीला गर्दीचा धसका, तिलाही ते बरंच पडायचं.

मग अंगठा ओळखणारं यंत्र आलं. नोंदणीलाही ताईच दोनदा जाऊन आली. स्वतःच्या नावावर उजवा अंगठा, धाकटीच्या नावावर डावा. धाकटीला एवढंच सांगितलं, "तुझं नाव नोंदवलं."

पण यंदा धाकटीच्या मनात वेगळंच होतं. एक उमेदवार गल्लीत वाचनालय उघडू म्हणाला होता. ताईच्या मते तो नुसता बोलघेवडा. ऐन मतदानादिवशी धाकटीने हातातली काजं अर्धवट टाकली, "माझं मत मी देणार" म्हणाली आणि थेट रांगेत जाऊन उभी राहिली. ताई तिच्यामागे, डावा अंगठा मुठीत लपवून.

यंत्राने लाल दिवा लावला.

"आजी, हा अंगठा तुमचा नाही," यंत्रामागची मुलगी म्हणाली.

"मग कोणाचा गं? जन्मापासून माझ्याच हाताला आहे!"

रांग हसली. धाकटीने अंगठा पुसून पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

"तुमचं मत कोणीतरी चोरलंय, आजी. आज नाही देता येणार."

चोरलंय! गिऱ्हाइकाच्या कापडाची चिंधीसुद्धा ताईने कधी ठेवून घेतली नव्हती. आता नुसतं गप्प राहायचं, मग चष्मा लावून परत यायचं, की दोन्ही मतं तिचीच. पण धाकटी चष्मा काढून काचा पुसायला लागली. रडू आवरायचं असलं की ती लहानपणापासून हेच करायची.

ताईने पुढे होऊन डावा अंगठा टेकवला. हिरवा दिवा. पडद्यावर धाकटीचं नाव.

"चोर मीच," ती म्हणाली. "आता हिचा अंगठा घ्या."

मोठे साहेब आले. त्यांनी ताईची चांगली खरडपट्टी काढली, कबुली लिहून घेतली, धाकटीचा अंगठा नव्याने नोंदवला. दोघींनी मत दिलं. एकीने एकच.

वाटेत ताईला राहवेना. "कोणाला दिलंस?"

"सांगायचं नसतं म्हणे."

"मी दर वेळी सांगायचे की तुला!"

"सांगायचीस. विचारलं कधी नाहीस."

घरी चहा झाला. कपबश्या धुवायची पाळी धाकटीची. तिने शाईचं बोट खिडकीच्या उजेडात धरून निरखलं.

"आज तूच धू, ताई. माझी शाई जाईल."

"ती आठ-आठ दिवस जात नाही. मला विचार!"

"मग आठ दिवस धू."