इथेच नव्हे, हितंच

नूतनची लेक आठ महिन्यांची झाली तरी तिचं आधार निघेना. पोरीला कडेवर मारून भोरची ही तिसरी खेप. एसटी गाठायलाच वाडीतून तासभर पायपीट. आणि आधारवाला म्हणतो काय, तर जन्मदाखल्यावर आईबापाचा पत्ता एक, त्यांच्या आधारवर दुसरा.

दुसरा कुठला! वाडीचं नावच तसलं : हितंच. धरणाचं पाणी चढलं तेव्हा हिर्डोशीकडच्या डोंगरातल्या सात घरांना पुनर्वसनाचा साहेब विचारत राहिला, आता कुठल्या गावी जाणार? नूतनची आजेसासू साळूबाई दर वेळी म्हणाली, "आमी हितंच." साहेबानं वैतागून गावाच्या रकान्यात तेच लिहिलं. सासरे चिमाजी ही हकीकत पाहुण्यांना इतक्या थाटात सांगत की नूतनला वाटे, मामंजींना एकदा दाखले काढायला धाडावं.

भोरच्या कचेरीत जन्मदाखला करणाऱ्या आनंद साहेबांनी हितंच वाचलं आणि शुद्धलेखन सुधारून टाकलं. इथेच.

आज त्यांनी सोपी वाट सुचवली. वाडी गाळू, सगळ्यांच्या कागदांवर नुसतं हिर्डोशी करून घ्या. पुढं शाळेत पोरीला कुणी हसायलाही नको. नूतन घटकाभर पाघळली. तिच्या लग्नात मैत्रिणी हसल्याच होत्या. सासर कुठं? हितंच. मग मांडवातच राहा की.

पण तिला राहवेना. "साहेब, पानी चडलं तवा न्हाई गेली ती सात घरं. तुमी एका रेघंत घालवता व्हय?"

साहेबांनी दुरुस्तीचा अर्ज पुढं सरकवला. त्यात दोन रकाने होते. लेकीच्या मुठीतून पेन सोडवून नूतननं लिहिलं. चुकीचा मजकूर : इथेच. बरोबर मजकूर : हितंच. साहेबांनी ते दोनदा वाचलं, कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं आणि सही ठोकली.

नवा दाखला हातात आला. हितच.

"साहेब, टिंब राहिलं."

एका टिंबानं काय बिघडतंय, ते म्हणाले, आणि आता जेवणाची सुट्टी झाली.

परतीची एसटी सुटायला दहा मिनिटं होती. नूतननं बाकावर ऐसपैस मांडी घातली, लेकीला ओढणीआड घेतलं आणि साहेबांना म्हणाली, सावकाश जेवा.