गलबल्यांना वगळताना

रविवारी दुपारी आमच्या घरातलं जग मी चालवते. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतंय ते बोलून सांगायचं, फासे टाकायचे आणि पुढे काय घडलं ते मी ठरवायचं, असा हा खेळ. धाकटा भाऊ म्हणतो, ताईला हुकूम सोडायला घर पुरत नाही म्हणून तिनं राज्यं काढली. असेल. त्याला जमत असेल तर त्यानं चालवून दाखवावं.

बाबांच्या आजारपणापासून खेळ बंद पडला होता. बाबा जुन्या सामानाच्या लिलावात बोली पुकारायचे. मोडक्या खुर्चीचं असं कौतुक करायचे, की घेणाऱ्याला तिचा डुगडुगता पाय घरी गेल्यावरच दिसायचा. मग मेंदूत रक्ताची गुठळी झाली आणि हाच माणूस एकेका शब्दापाशी अडायला लागला. त्यांना समजतं सगळं, पण हवा तो शब्द सापडत नाही, आणि सापडला तर भलताच. चष्म्याला किल्ली म्हणतात आणि स्वतःवरच चिडतात. मग आई घाईघाईनं त्यांचं वाक्य पुरं करते, आईचं चुकलं तर मी करते.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, खेळ पुन्हा सुरू करा. मी लगेच नव्या जगाच्या मागे लागले. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला की तीनच जमातींच्या वस्त्या नीट मावतात, त्याहून जास्त कोंबल्या तर कुणालाच न्याय मिळत नाही. दोन पटकन ठरल्या: दगडाशी बोलून मगच तो फोडणारे खोदे आणि अंधार पडल्याशिवाय घराबाहेर न पडणारे कंदीलवाले. घोडं अडलं ते तिसरीपाशी.

धाकट्याला गलबली हवे होते. हे लोक गलबतांवर राहतात आणि जीभ हेच त्यांचं हत्यार. बंदरात शिरताना कप्तानानं गलबतावरच्या प्रत्येकाची ओळख तोंडभरून करून द्यायची, आणि त्याचं संपेपर्यंत राजानंसुद्धा मध्ये बोलायचं नाही, अशी त्यांची रीत. मी मात्र मौनी नावाचे लोक नव्यानं घडवले होते. बोलणं त्यांना असभ्य वाटतं, सगळे व्यवहार हातांच्या खुणांनी. ते कुणासाठी घडवले हे काय सांगायला हवं?

धाकटा म्हणाला, बाबांना विचार तरी. मी त्याच्यावर उखडले. त्यांची फजिती बघायचीय का तुला, म्हटलं, आणि गलबल्यांचं निळं बटण शिवणाच्या डब्यात टाकून दिलं. आमच्याकडे प्रत्येक जमातीचं एक बटण असतं, तीच सोंगटी.

रविवारी चौघं टेबलाशी बसलो. मी मौनींचं वर्णन अगदी जीव ओतून केलं, त्यांचा रुबाब, त्यांच्या खुणा. मग पांढरं बटण बाबांच्या तळहातावर ठेवलं. आई म्हणाली, किती छान लोक आहेत, तुम्हाला अगदी शोभतील.

बाबांनी बटण बराच वेळ पाहिलं आणि माझ्यापुढे ठेवून दिलं. धाकट्याकडे वळून त्यांनी भुवया उंचावल्या, आणखी कोण आहे, असं. धाकट्यानं माझ्याकडे न बघता डबा आणला, निळं बटण काढलं आणि गलबल्यांची सगळी रीत सांगितली. बाबांनी बटण उचललं.

"बाबा, त्यांना फार बोलावं लागतं," मी म्हटलं.

"म्हणून," बाबा म्हणाले. शब्द एकदम स्वच्छ आला.

मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग कुणाचा ते मला चांगलंच कळत होतं. मी मुकाट्यानं गलबत बंदराला लावलं. बाबा कप्तान, आई आणि धाकटा प्रवासी. धक्क्यावरच्या पहारेकऱ्याच्या आवाजात मी विचारलं, गलबतावर कोण कोण आहे?

बाबा उठून उभे राहिले. लिलावात उभे राहायचे तसे, एक हात टेबलावर ठेवून.

"ही... ही..." आईकडे हात करून ते थांबले. आईचे ओठ हलले. धाकट्यानं तिच्या हातावर हात ठेवला, "आई, कप्तान बोलतोय." आईनं ओठ मिटले.

"ही खिडकी... नाही. बायको. घाबरते. पण... सोडत नाही." मग धाकट्याकडे, "हा... उशिरा उठतो. मनानं... सोनं." धाकटा हसला आणि नाक पुसायला लागला.

मी जग चालवणारी, मी काही गलबतावर नव्हते. तरी बाबांचा हात माझ्याकडे वळला. शब्द येईना. त्यांच्या कपाळावर घाम आला. माझ्या जिभेवर चार शब्द तयार होते, हुशार, मोठी, हट्टी, लाडकी, कुठलाही चालला असता. मी दातांखाली जीभ धरून बसले.

"ही... कुणाचं... ऐकत नाही," बाबा म्हणाले. मग श्वास घेऊन, "आज... ऐकलं."

आता पहारेकऱ्यानं बंदर उघडायचं होतं, ते माझं काम. पण माझ्या तोंडातून शब्दच फुटेना. आई नाही बोलली, धाकटा नाही बोलला. बाबा खाली बसले, हनुवटीखाली हात घेतला आणि माझं बोलून होईपर्यंत थांबले.