उशीचं वजन

"पलटून बघितलंस का रे?"

वडिलांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी काटेवाल्याच्या कानात तो आवाज तसाच होता. तराजू दुरुस्तीचं काम पिढीजात. एकदा तोललेली वस्तू दुसऱ्या पारड्यात घालून पुन्हा तोलल्याशिवाय वडील कुठलीच दांडी दुकानाबाहेर जाऊ देत नसत.

आज सभागृहात तीनशे माणसं होती आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक उशी. माणूस झोपला की आजार डोक्यातून झिरपत कापसात उतरतो, हे उशीबाबांचं शास्त्र. बाबा उशी तोलायचे, मंतरायचे, पुन्हा तोलायचे.

पुढच्याच रांगेत काटेवाल्याची ताई बसली होती. छातीत धडधड, पायांवर सूज, आणि महिनाभर गोळ्या बंद. आज तर चप्पल पायात शिरेना म्हणून ती अनवाणी आली होती. "गोळी घे गं," तो रोज विनवायचा. "फेकल्या मी गोळ्या. उशी हलकी होतेय की! माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी," ती म्हणायची.

बाबांनी तिची उशी उजव्या पारड्यात ठेवली. "एक किलो तीनशे! केवढं दुखणं साठवलंय, आई!" मग तीन फुंकरा मारल्या आणि उशी डाव्या पारड्यात गेली. "एक किलो शंभर! दोनशे ग्रॅम आजार गेला खिडकीतून!"

खिडकीजवळचे दोघे घाईघाईनं बाजूला सरकले.

ताईचा चेहरा फुलला. काटेवाल्याची नजर मात्र दांडीच्या मध्यावर ठोकलेल्या तीन ठिपक्यांवर होती. तिथून ती ताईच्या सुजलेल्या पावलांवर आली, आणि तो उठला.

"बाबा, माझ्याकडची ही दोन वजनं तोलता? दोन्ही किलोचीच आहेत."

"उशी कुठाय?"

"झोपतच नाहीत हो ती."

लोक हसले. त्यानं दोन्ही पारड्यांत एकेक वजन ठेवलं. उजवं पारडं खाली गेलं.

"यातला आजारी किलो कोणता?"

"संशयाची सावली पडली!" बाबा गरजले.

त्यानं वजनांची अदलाबदल केली. पुन्हा उजवंच खाली. "अरेच्चा, याला लागण झाली की! साथीचा दिसतोय."

मग खिशातला दोरा काढून त्यानं मध्यापासून दांडीच्या दोन्ही बाजू मोजल्या. उजवी बोटभर लांब निघाली.

"लांब बाजूला ठेवलं की जड भरतं, आखूड बाजूला हलकं. रिकामा काटा सरळ राहावा म्हणून आखूड बाजूचं पारडं जाड पत्र्याचं केलंय. उशी होती तेवढीच आहे. बाबा फक्त तिची जागा बदलतात."

"तुला रे कसं एवढं ठाऊक?" बाबांचा चेला खेकसला.

ताईही वळून त्याच्याकडे बघत होती.

"दांडी मी केली, ताई. नाटकासाठी हवी, असं यांचा माणूस म्हणाला. मी पुढे विचारलं नाही. इथे आलो त्या पहिल्याच दिवशी माझ्या खुणेचे तीन ठिपके ओळखले, आणि लाजेनं गप्प बसलो. महिनाभर. तुझी सूज बघत."

तो लोकांकडे वळला. "उद्या माझ्याही शब्दावर विसंबू नका. कुणी काहीही तोलून दाखवलं, तर एकदा पलटून बघा. दुखणं डॉक्टरला दाखवा, उशीवर फक्त झोपा."

ताईनं पारड्यातली उशी उचलून छातीशी धरली.

"गोळ्या फेकल्या म्हणून सांगितलं ना तुला," ती हळूच म्हणाली, "खोटं होतं ते. याच उशीच्या अभ्र्यात आहेत."